कुंडीतली स्वादाची पानं : वाळवण, साठवण आणि वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुदिना, बेसिल, ओरेगॅनो, थाईम, रोझमेरी, मेथी, शेपू, कढीपत्ता, गवती चहा ही झाडं एकदा रुजली की पानं येतात ती एकदमच, आणि आठवड्याच्या स्वयंपाकात संपत नाहीत. मग ती वाळवायचा विचार सुरू होतो आणि त्यापाठोपाठ प्रश्नही. उत्तरं मुद्दाम सारख्या लांबीची ठेवलेली नाहीत. काही प्रश्नांना एक ओळ पुरते, काहींना पुरत नाही.

सगळीच पानं वाळवता येतात का?

वाळवता सगळीच येतात. वाळवण्यासारखी सगळी नसतात, आणि बरेचसे हिरमोड इथेच होतात.

पानाचा वास त्यातल्या उडून जाणाऱ्या तेलांमुळे येतो. वाळवताना आपल्याला पाणी घालवायचं असतं आणि तेल ठेवायचं असतं. तेल पानात कुठे आणि कसं साठलेलं आहे, ते किती लवकर उडतं, यावर सगळं ठरतं. ओरेगॅनो, थाईम, रोझमेरी, सेज, मार्जोरम ही मंडळी मूळची भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या टेकड्यांवरची. त्यांची पानं लहान, जाडसर आणि चिवट. तेल पानावरच्या सूक्ष्म ग्रंथींत बंद असतं. ओरेगॅनो आणि थाईमच्या वासाला कारणीभूत असलेले थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल हे घटक सहजासहजी उडत नाहीत. म्हणून ही पानं वाळल्यावरही दमदार राहतात. ओरेगॅनो तर अनेकांना ताज्यापेक्षा वाळलेलाच आवडतो, आणि त्यात काही चूक नाही. तमालपत्रही जवळजवळ नेहमी वाळलेलंच वापरतात.

पुदिना, मेथी आणि गवती चहा मधल्या गटात येतात. पुदिन्याचा ताजेपणा थोडा कमी होतो, पण ओळख टिकते. मेथीचा वास वाळल्यावर बदलतो आणि जास्त गडद होतो, म्हणजे तो जवळजवळ नवा पदार्थच मिळतो. कढीपत्ता वाळवून चालतो, पण त्याचा वास बराच मंदावतो, त्यामुळे पानं जास्त घालावी लागतात.

कोथिंबीर, पार्सली, चाइव्ह्ज यांच्या वाट्याला जाऊ नये. कोथिंबिरीचा वास अल्डिहाइड नावाच्या घटकांचा असतो आणि ते वाळवताना जवळजवळ सगळे निघून जातात. मागे उरतो तो हिरवट, गवतासारखा चुरा. शेपूचंही थोड्याफार फरकाने तेच. ही पानं गोठवावीत. त्याबद्दल पुढे येईलच.

पानओव्यासारखी मांसल, पाणीदार पानं हा आणखी वेगळा प्रकार. ती वाळायला इतका वेळ लागतो की मध्येच सडायला लागतात. ती ताजीच खावीत.

पानं खुडायची योग्य वेळ कोणती?

सकाळी, दव सुकल्यावर आणि ऊन तापायच्या आत. दुपारच्या उन्हात पानातलं तेल उडत राहतं. ओल्या पानांवर बुरशी लवकर धरते.

दिवसातल्या वेळेपेक्षा झाडाचं वय जास्त महत्त्वाचं. कळ्या दिसू लागल्या आहेत पण फुलं उमललेली नाहीत, हा बहुतेक सुवासिक झाडांचा भरातला काळ. फुलं आली की झाड सगळी ताकद बियांकडे वळवतं, पानं कमी येतात आणि बेसिलसारखी काही तर कडू लागतात. बेसिलचे शेंडे कळ्या दिसताच खुडत राहिलं तर झाड झुपक्यासारखं भरतं आणि पानांचा हंगाम लांबतो.

एका वेळी किती तोडायचं?

साधारण एक तृतीयांश. त्याहून जास्त तोडलं तर झाडाला सावरायला वेळ लागतो. रोझमेरी आणि थाईमची जुनी, लाकडासारखी झालेली फांदी मुळापासून कापू नये, तिथून नवी फूट येईलच असं नाही. पान असलेल्या भागातच कात्री लावावी.

पानं धुवायची का? धुतली तर वाळायला वेळ लागेल ना?

माती किंवा धूळ दिसत असेल तर धुवायलाच हवीत, कारण वाळवल्याने जंतू मरत नाहीत. साल्मोनेलासारखे जिवाणू कोरड्या पानांत कित्येक महिने तग धरू शकतात. थंड पाण्यात हलक्या हाताने खळबळून घ्यावं, निथळावं आणि सुती कापडावर पसरून वरचं पाणी पूर्ण सुकू द्यावं. चोळू मात्र नये, पानं जिथे दुखावतात तिथेच पुढे काळी पडतात.

एक सोपा उपाय आहे. आदल्या संध्याकाळी झाडावरच पाण्याचा फवारा मारून पानं धुवायची आणि दुसऱ्या दिवशी दव सुकल्यावर खुडायची.

उन्हात का वाळवू नये? बाकी सगळं वाळवण तर उन्हातच होतं.

धान्य, डाळी, मिरच्या यांना ऊन मानवतं, कोवळ्या पानांना नाही. ऊन हरितद्रव्य मोडतं, त्यामुळे रंग उडतो, आणि तापलेल्या पानातून पाण्याबरोबर तेलही जातं. उन्हात वाळवलेला पुदिना लवकर कडकडीत होतो हे खरं, पण वास घेतला की काय गमावलं ते कळतं.

पानांना सावली आणि खेळती हवा लागते. वाळवायला उष्णतेपेक्षा वारा जास्त कामाचा. हे एवढं ध्यानात ठेवलं तर पुढची कुठलीही पद्धत निवडली तरी फारसं बिघडत नाही.

टांगून वाळवावं की पसरून?

लांब देठाच्या, कमी पाण्याच्या फांद्या टांगाव्यात: रोझमेरी, थाईम, ओरेगॅनो, सेज. पाच ते दहा काड्यांचीच छोटी जुडी बांधावी. मोठी जुडी दिसायला छान, पण तिच्या पोटात हवा जात नाही आणि नेमकी तिथेच बुरशी येते. दोऱ्याऐवजी रबर वापरावं, कारण देठ सुकून बारीक होतात, दोरा सैल पडतो आणि जुडी खाली येते. पानं खाली, देठ वर. धूळ बसू नये म्हणून भोकं पाडलेली कागदी पिशवी वरून घालता येते. प्लास्टिकची पिशवी नको. स्वयंपाकघरात शेगडीच्या वर टांगू नये, वाफ आणि तेलाचे कण सगळे पानांवर बसतात. कोरड्या हवेत एक ते दोन आठवडे लागतात.

बेसिल, पुदिना, मेथी, कढीपत्ता यांची पानं देठावरून काढून चाळणीवर किंवा ताणलेल्या जाळीवर एकाच थरात पसरावी. पान पानाला चिकटून राहू नये. रोज एकदा हलक्या हाताने उलटावं. जाळी टेकवताना तिच्या खालूनही हवा जाईल असं बघावं. सपाट ताटात पसरलेली पानं खालच्या बाजूने ओलीच राहतात. छापील कागदावर पसरू नये, शाई खाण्याच्या वस्तूला लागायला नको.

गवती चहाची पाती मात्र आधी कात्रीने बोटभर लांबीची कापून मग पसरावी. वाळल्यावर ती चिवट होते आणि कापताना हाताला लागते.

हवा दमट असेल तर काय करायचं?

हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर राहत असेल तर निव्वळ हवेवर भरवसा ठेवू नये. पानं वाळण्याआधी काळी पडतात किंवा त्यांना कुबट वास येतो. अशा वेळी यंत्राची मदत घ्यावी.

डिहायड्रेटर, म्हणजे मंद गरम हवेने पदार्थ वाळवणारं यंत्र, असेल तर प्रश्नच मिटला. ३५ ते ४५ अंश सेल्सिअस तापमान ठेवावं. पानं एक ते चार तासांत वाळतात, जाड असतील तर थोडी जास्त. हवा फारच दमट असेल तर तापमान ५० अंशांपर्यंत नेता येतं, त्यापुढे नाही. लवकर आटपावं म्हणून ६०–७० अंशांवर टाकलेल्या पानांचा वास घरभर सुटतो. छान वाटतं, पण तो वास बरणीत जायला हवा होता.

ओव्हनची अडचण हीच आहे. बहुतेक ओव्हन ५०–६० अंशांच्या खाली उतरतच नाहीत. मग सगळ्यात कमी तापमानावर, दार थोडं उघडं ठेवून, दर काही मिनिटांनी बघत वाळवावं लागतं. ओव्हन थोडा तापवून बंद करायचा आणि उरलेल्या उबेत पानं ठेवायची, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. घरात लहान मुलं असतील तर उघड्या दाराच्या गरम ओव्हनचा नाद सोडावा.

पंखा मात्र सगळ्यांकडे असतो. जाळीवर पानं आणि बाजूने मंद गतीचा पंखा, इतक्याने दमट दिवसांतही बराच फरक पडतो.

मायक्रोवेव्ह चालतो का?

थोड्या पानांसाठी चालतो. कागदी रुमालाच्या दोन थरांमध्ये पानं एकेरी पसरून आधी एक मिनिट, मग वीस-तीस सेकंदांच्या टप्प्यांनी, दर वेळी तपासत. रंग फार सुंदर राहतो. पण पानातलं पाणी संपल्यावरही यंत्र चालू राहिलं तर पानं आणि कागद पेटू शकतात, म्हणून समोरून हलू नये. धुतलेली पानं आधी पूर्ण कोरडी करून घ्यावीत, नाहीतर ती वाळण्याऐवजी शिजतात.

आणि फ्रिज?

चालतो. ज्या फ्रिजमध्ये बर्फ साचत नाही त्यातली हवा बरीच कोरडी असते. कागदावर पसरलेली पानं उघडीच ठेवली तर काही दिवसांत वाळतात आणि रंगही टिकतो. शेजारी कापलेला कांदा नसावा एवढंच.

बेसिल आणि पुदिना काळे का पडतात?

दोन कारणं आहेत आणि दोन्ही एकदमच काम करतात. पान चुरगळलं किंवा कापलं की पेशी फुटतात आणि त्यातली विकरं (एन्झाइम्स) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने काळपट द्रव्यं बनवू लागतात. कापलेलं सफरचंद काळवंडतं ती हीच क्रिया. दुसरं म्हणजे हळूहळू वाळताना हरितद्रव्यातला मॅग्नेशियमचा अणू निसटतो आणि चमकदार हिरव्याचा मळकट हिरवा-तपकिरी होतो.

उपाय असा: पानं अखंड ठेवावीत, हाताळणी कमी करावी आणि वाळण्याचा वेग वाढवावा. खोलीत आठवडाभर रेंगाळलेलं बेसिल काळं पडतं, डिहायड्रेटरमध्ये काही तासांत वाळलेलं बरंच हिरवं राहतं. काळं पडलेलं पान खाण्यास धोकादायक नसतं. मात्र त्यावर पांढरी-करडी लव दिसली किंवा कुबट वास आला तर ती बुरशी आहे, आणि मग विचार न करता टाकून द्यावं.

पुरेसं वाळलं हे कसं ओळखायचं?

पान बोटांत दाबलं की कुरकुरून चुरा व्हायला हवा आणि देठ वाकवल्यावर कट्कन मोडायला हवा. देठ नुसता वाकत असेल तर आत पाणी आहे. पान कागदासारखं लागतं पण चुरा होत नाही, ही सगळ्यात फसवी अवस्था. याच टप्प्यावर घाई करून भरलेल्या बरण्यांना पुढे बुरशी येते.

तपासणी तिथेच थांबवू नये. वाळलेली पानं काचेच्या बरणीत सैल भरून झाकण लावावं आणि आठवडाभर रोज बघावं. काचेला आतून दव दिसलं किंवा पानं सादळून मऊ पडली तर बाहेर काढून पुन्हा वाळवावं. एका फांदीवरची सगळी पानं सारख्या वेगाने वाळत नाहीत, आणि उरलेला ओलावा बंद बरणीत सगळीकडे पसरतो. आठवडाभर कुरकुरीत राहिली की मग साठवणीला ठेवायला हरकत नाही.

बरणीत एका कोपऱ्यात बुरशी दिसली. तेवढीच काढून टाकली तर?

नाही. सगळी बरणी रिकामी करावी. दिसते ती बुरशी थोडी असते, तिचे तंतू आणि बीजं सगळीकडे गेलेली असतात. बरणी गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी केल्याशिवाय पुन्हा वापरू नये.

चुरा करून ठेवावं की अख्खी पानं?

अख्खी. पान मोडलं की तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि वास त्या क्षणापासून उडायला लागतो. तो उडायचा असेल तर पातेल्यात उडू दे. जागा जास्त लागते हे खरं, पण वर्षाच्या शेवटी बरणी उघडल्यावर दोन्हीतला फरक सांगावा लागत नाही.

बरणी घट्ट झाकणाची, काचेची किंवा स्टीलची असावी, आणि काचेची असेल तर अंधाऱ्या कपाटात ठेवावी. उजेड, उष्णता, ओलावा आणि हवा हे चारही शत्रू शेगडीशेजारच्या उघड्या फळीवर एकत्र भेटतात आणि नेमकी तिथेच बरण्यांची रांग लावलेली असते. आणखी एक: बरणी थेट उकळत्या भांड्यावर धरून पानं झटकू नयेत, वाफ आत शिरते. कोरड्या हातात किंवा वाटीत काढून मग टाकावी. बरणीवर नाव आणि तारीख लिहावी. सहा महिन्यांनी थाईम आणि ओरेगॅनोचा चुरा नजरेला सारखाच दिसतो.

किती काळ टिकतं?

पानं साधारण सहा महिने ते वर्षभर उत्तम स्वादात. नंतर ती खराब होत नाहीत, फक्त निर्जीव होतात. चिमूटभर पान तळहातावर चोळून वास घ्यावा. काहीच आलं नाही तर कंपोस्टमध्ये टाकून झाडाला परत द्यावं. अख्ख्या बिया पानांहून जास्त काळ टिकतात.

ताज्याच्या जागी वाळलेलं किती घालायचं?

सर्वसाधारण हिशेब तीनास एक. ताज्या चिरलेल्या पानांचा एक मोठा चमचा (१५ मिली) सांगितला असेल तर वाळलेल्या चुऱ्याचा एक चहाचा चमचा (५ मिली). बारीक पूड असेल तर त्याहूनही कमी, पाव चमच्यापासून सुरुवात करावी, कारण पूड चमच्यात दाबून बसते.

हा हिशेब आंधळेपणाने लावू नये. रोझमेरी आणि सेज वाळल्यावर अंगावर येतात, तिथे हात आखडता. बेसिल आणि कढीपत्त्याला सढळ. आणि घरच्या ताज्या वाळवणाचा पहिल्या दोन-तीन महिन्यांतला जोर बाजारातल्या जुन्या पाकिटापेक्षा जास्त असू शकतो, म्हणून आधी कमी घालून चव घ्यावी.

स्वयंपाकात ते कधी टाकायचं?

ताजी कोवळी पानं शेवटी, वाळलेली आधी. वाळलेल्या पानाला पाणी पिऊन फुगायला आणि स्वाद सोडायला वेळ लागतो. रस्सा, सूप किंवा सॉस शिजत असेल तर उतरवण्याच्या वीस-तीस मिनिटं आधी टाकावं. अगदी शेवटी भुरभुरवलेला वाळका ओरेगॅनो जिभेवर भुशासारखा लागतो.

टाकण्याआधी तळहातांवर चोळावा, ग्रंथी फुटतात. आणि हे स्वाद पाण्यापेक्षा तेलात, तुपात, लोण्यात जास्त चांगले उतरतात. गरम तेलात काही सेकंद टाकून लगेच पुढचा पदार्थ घालणं ही सगळ्यात चांगली युक्ती. पण सेकंदच, कारण कोरडं पान झटकन जळतं आणि कडवटतं. दही किंवा चीजच्या न शिजवायच्या मिश्रणात वाळलेली पानं घालायची असतील तर अर्धा-एक तास मुरू द्यावीत, आणि मुरताना ते मिश्रण फ्रिजमध्येच असावं. वाळल्या पानांवर जिवाणूंची बीजं असू शकतात आणि ओल्या, कोमट जागी ती जागी होतात.

पानं तेलात बुडवून ठेवली तर छान सुवासिक तेल होतं म्हणतात. करू का?

वाळलेली पानं घालून करा. ताजी पानं किंवा ताजा लसूण तेलात घालून बाहेर ठेवू नका. एवढ्या एकाच बाबतीत या लेखातला सूर कडक आहे.

कारण बोट्युलिझम, म्हणजे अन्नातून होणारी जीवघेणी विषबाधा. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची बीजं मातीत असतात आणि पानांवर, लसणावर येऊ शकतात. एरवी ती काही करत नाहीत. पण त्यांना वाढायला ऑक्सिजन नसलेली, ओलसर आणि कमी आंबट जागा हवी असते, आणि तेलात बुडालेलं ताजं पान नेमकं तेच पुरवतं. जिवाणू वाढला की विष तयार करतो. त्याला वास नसतो, चव नसते, तेल गढूळही होत नाही. बीजं साध्या उकळण्याने मरत नाहीत, त्यासाठी दाबाखालचं १२१ अंश तापमान लागतं. म्हणजे तेल एकदा गरम केलं होतं हे उत्तर नव्हे.

ताज्या पानांचं तेल करायचंच असेल तर थोडं करावं, लगेच फ्रिजमध्ये ठेवावं आणि चार दिवसांत संपवावं, किंवा थेट गोठवावं. पूर्ण कोरड्या पानात जिवाणूला लागणारं पाणीच नसतं, म्हणून तिथे ही भीती नाही. फक्त ती खरोखर कडकडीत हवीत, आणि तेल खवट होण्याआधी वापरावं.

मग कोथिंबीर, पार्सली, शेपू, चाइव्ह्ज यांचं काय?

गोठवा. चिरून बर्फाच्या साच्यात भरा, बुडेपर्यंत पाणी किंवा तेल घाला, वड्या घट्ट झाल्या की पिशवीत काढून फ्रीझरमध्येच ठेवा. वापरताना वडी थेट गरम भांड्यात टाकायची, ओट्यावर वितळवत ठेवायची नाही. पानं मऊ पडतात, त्यामुळे वरून पेरायला उपयोग नाही. शिजवायच्या पदार्थात मात्र वाळलेल्या कोथिंबिरीच्या दसपट बरी. बेसिल गोठवताना काळं पडतं, त्याला आधी काही सेकंद उकळत्या पाण्यातून काढून बर्फाच्या पाण्यात टाकलं तर विकरं थांबतात आणि हिरवेपणा राहतो.

बियांसाठी काय करायचं?

कोथिंबीर, शेपू, बडीशेप फुलावर गेली की पानांची आशा सोडावी आणि बियांची वाट बघावी. बिया हिरव्याच्या तपकिरी होऊ लागल्या की तुरे कापून कागदी पिशवीत उलटे टांगावे. सुटणाऱ्या बिया पिशवीतच पडतात. मग चोळून, पाखडून, आणखी काही दिवस पसरून भरावं.

बरणीत बारीक किडे झाले. घरच्याच पानांत कसे?

अंडी झाडावरून किंवा कपाटातल्या दुसऱ्या मसाल्यातून येतात. कमी तापमानात वाळवल्याने ती मरत नाहीत. नव्याने वाळवलेली पानं बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान ४८ तास ठेवावीत. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर पानांवर दव धरतं. किडे झालेली बरणी टाकून द्यावी आणि शेजारच्या बरण्याही तपासाव्यात.

नर्सरीतून आणलेल्या रोपाची पानं लगेच वाळवली तर चालतील?

खाण्यासाठी म्हणून विकलेलं रोप असेल तर धुऊन चालतील. शोभेचं म्हणून विकलेल्या रोपावर कोणती औषधं मारली आहेत ते कळत नाही आणि काही औषधं पानाच्या आत शिरतात, धुऊन जात नाहीत. असं रोप खाण्यासाठी न वापरणंच बरं. स्वतः काही फवारलं असेल तर बाटलीवर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जायला हवेत ते लिहिलेलं असतं. तेवढे दिवस थांबावं. वाळवल्यावर पाणी जातं आणि पानावरचं बाकी सगळं दाट होऊन उरतं.

पानं काढून उरलेल्या वाळक्या काड्यांचा काही उपयोग?

थाईम आणि रोझमेरीच्या काड्यांत अजून बराच वास असतो. त्या दोऱ्याने बांधून सूपमध्ये किंवा उकळत्या पाण्यात टाकाव्यात आणि वाढण्याआधी काढून घ्याव्यात. रोझमेरीच्या सरळ, जाड काड्या निखाऱ्यावर भाजायच्या भाज्यांना सळई म्हणून चालतात. आधी अर्धा तास पाण्यात भिजवल्या तर लगेच जळत नाहीत. बेसिल आणि पुदिन्याच्या काड्यांत फारसं काही उरत नाही, त्या कुंडीत आच्छादन म्हणून टाकाव्यात.